हौदावरचा निळा ठिपका

१

पंपदादाला जाऊन सोळा दिवस झाले होते, आणि दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी तो नेहमीसारखा फेरीला निघाला.

ताईने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. पडद्यावरचा निळा ठिपका तिथेच होता. पहिल्या पंपापाशी तो थांबला आणि शेजारी अक्षरं उमटली : 'पंप एक. आवाज ठीक. गळती नाही.' खाली पंपदादाचं नाव.

ताई बसायची ती खोली एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर होती. तिथे बसून शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या सात कारखान्यांची नाडी पाहिली जायची. प्रत्येक यंत्राला, टाकीला, हौदाला सेन्सर लावलेले. ते दर मिनिटाला आपली तब्येत कळवायचे. बरं असलं की चौकोन हिरवा, नसलं की लाल. तिकडची माणसं फेरीवर निघाली की प्रत्येक पंपावरच्या बिल्ल्याएवढ्या चकतीला मोबाइल टेकवायची. कोण, कुठे, किती वाजता, हे ताईला इथे दिसायचं. सगळे तिला ताई म्हणत. तीन वर्षांत तिचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं आणि तिनेही कुणाचं. ओळख काय ती आवाजाची.

पंपदादाचा आवाज जाड होता, आणि दर वाक्याआधी तो घसा खाकरायचा. पुठ्ठा बनवणाऱ्या कारखान्यात पंप सांभाळायचा. त्या शुक्रवारी तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी त्याचा फोन आला होता.

"ताई, हौदातला गाळ काढायला उतरतोय. खिशातला गॅसचा मीटर दुरुस्तीला गेलाय. तुमच्याकडे काय दिसतंय?"

"हिरवं आहे, दादा. उतरा."

अर्ध्या तासाने त्याला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. हौदात विषारी गॅस साठला होता. चौकशी झाली. गाळ ढवळल्यावर गॅस एकाएकी उसळला, मृताने मास्क घातला नव्हता, चूक त्याची स्वतःची, असं ठरलं. सेन्सर नीट चालत होता. अहवालावर परवा सही व्हायची होती.

ताई दोन आठवडे रजेवर होती. झोप लागत नव्हती. आज कामावर यायचा पहिलाच दिवस.

ठिपका दोन, तीन, चार असे पंप करत सातव्या चकतीपाशी आला. ती चकती हौदाच्या तोंडाशी होती. तिथे तो नऊ मिनिटं उभा राहिला आणि विझला.

ताईने मागच्या नोंदी उघडल्या. काल तो होता. परवाही होता. मृत्यूच्या तिसऱ्या दिवसापासून एकही दुपार चुकली नव्हती.

२

"सॉफ्टवेअरला उचकी लागली असेल," तिचे साहेब म्हणाले. "कुणीतरी आठवण काढत असणार." स्वतःच्याच विनोदावर ते हसले. ताई हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पहाटेची बस पकडली.

दहा वाजता ती कारखान्याच्या फाटकाशी उतरली. हा कारखाना तिला तोंडपाठ होता. कुठल्या मोटरीचा धक्का किती, कुठल्या टाकीची पातळी किती, ती झोपेतही सांगू शकली असती. पण इथे एवढा आवाज असतो, ओल्या पुठ्ठ्याचा आंबूस वास कपड्यांना चिकटतो, हे तिला कुठल्याच आकड्याने सांगितलं नव्हतं. रद्दीचे गठ्ठे दुमजली घराएवढे रचले होते.

मॅनेजरची केबिन काचेची आणि थंडगार. माणूस गोड बोलणारा.

"फेऱ्यांची यादी कोण उघडतंय हो, ताई? हिरवं असलं की आम्ही सुखी. त्याचं नाव यादीतून काढायचं राहिलं असेल, दुसरं काय."

"नाव राहिलं तरी चालायला पाय लागतात," ताई म्हणाली. "त्याचा फोन कुठे आहे?"

"सामान घरी पोचवलं सगळं. बाकीचं शिफ्टसाहेबांना विचारा. ते त्याचे साडू. घरचाच माणूस."

शिफ्टसाहेब दारात येऊन उभेच होते. उंच माणूस, गळ्याची हाडं वर आलेली, दाढी गुळगुळीत पण डोळे खोल गेलेले. सख्ख्या बहिणींचे हे दोघे नवरे. पंपदादाची बायको मोठी, यांची धाकटी. ते तिला हौदापर्यंत घेऊन गेले.

वाटेत ती एकेक पंप ओळखत गेली. चौथ्याच्या खाली तेलाचा डाग होता. पाचव्यावर कुणीतरी फडकं वाळत घातलं होतं. मग जमिनीत लोखंडी झाकण आलं, माणूस उतरेल एवढं. लगद्यातून निथळलेलं पाणी याच हौदात परत यायचं. शिफ्टसाहेबांनी झाकण बाजूला ओढलं.

"लांबूनच बघा. फार वाकू नका."

ती जरा पुढे झाली आणि तिचा चष्मा एका क्षणात पांढरा झाला. तोंडावर ऊन वाफ आली, भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. काच पुसून तिने आत पाहिलं. साखळीला मूठभर आकाराचा पिवळा डबा लटकत होता. हाच तो सेन्सर, तीन वर्षं तिला पडद्यावर नुसता चौकोन म्हणून दिसलेला.

"एवढं गरम असतं आत?"

"बाराही महिने. पाणी यंत्रातून तापून येतं ना."

ताईने मोबाइल काढला. सेन्सर गॅसबरोबर तापमानही कळवायचा, पण तो रकाना पडद्यावर येत नसे. तो बघायची कुणाला गरजच पडली नव्हती. तिने हौदाची जुनी नोंद उघडली आणि त्या शुक्रवारवर बोट ठेवलं. तीन वाजून एकेचाळीस मिनिटं. तिने 'उतरा' म्हटलं तो क्षण.

तापमान चोवीस अंश.

भर उन्हाळ्यात चोवीस. पंपदादा वाफेच्या तोंडात उतरला तेव्हा सेन्सर मात्र सावलीत, गारव्यात कुठेतरी बसून 'सगळं ठीक' म्हणत होता. तो हौदात नव्हताच.

तिने वर पाहिलं. शिफ्टसाहेब तिच्या फोनकडे बघत नव्हते. ते हौदाकडे बघत होते.

३

सेन्सरवाला जेवणाच्या सुट्टीत सापडला. सहा कारखान्यांचे सेन्सर सांभाळणारा हा कंत्राटी कारागीर. महिन्यातून एकदा इथे येई. टोपी काढून त्याने डोकं खाजवलं.

"ताई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या सेन्सरने सगळ्यांना जेरीस आणलं होतं. दर थोड्या वेळाने लाल. लाल झालं की यंत्र आपोआप थांबतं, कागद तुटतो, पुन्हा जोडायला तास जातो. एका आठवड्यात अकरा वेळा."

"ते लाल मलाही दिसायचं. सेन्सर बिघडला होता?"

"तेच तर. मी दोनदा तपासला. सेन्सर बरोबर होता. गॅसच होता आत. मी मॅनेजरसाहेबांना म्हटलं, हौदाला हवा खेळवायचा पंखा लावा. ते म्हणाले, पंख्याचं बघू पुढे, आधी मला तो लाल रंग दिसता कामा नये."

"असं कुणाला म्हणाले?"

"मला म्हणाले. शिफ्टसाहेबांनाही म्हणाले असतील, रोज त्यांनाच बोलणी बसायची. पण सेन्सर मी हलवला नाही. घरी दोन लेकरं आहेत माझ्या."

ताईने त्याच्यासमोरच नोंद मागे सरकवली. मृत्यूच्या दहा दिवस आधी, मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्रेचाळीस अंशांचे चोवीस झाले होते. तिथून पुढे आकडा ढिम्म हलला नव्हता. मग तो शुक्रवार : चार वाजून पंचवीस मिनिटांनी आकडा पुन्हा वर चढला. म्हणजे प्रेत वर काढल्यावर दहाच मिनिटांत, गोंधळात, कुणीतरी डबा साखळीला परत अडकवला होता. चौकशीवाले आले तेव्हा सेन्सर आपल्या जागी शहाण्यासारखा लटकत होता.

"या कारखान्यात एसी कुठे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"दोनच. मॅनेजरसाहेबांच्या केबिनला आणि पॅनेल रूमला. वीज सोडायची कपाटं तापू नयेत म्हणून."

"पॅनेल रूमची किल्ली कुणाकडे?"

सेन्सरवाल्याने टोपी डोक्यावर घातली, परत काढली.

"दोन किल्ल्या आहेत," तो म्हणाला. "त्यातली एक माझ्याकडे."

४

पंपदादाच्या बायकोचं, वहिनींचं घर कारखान्यामागच्या वसाहतीत होतं. दोन खोल्या, दाराशी बादलीत भिजवलेले शाळेचे गणवेश. ताईने आपण कोण ते सांगितलं तेव्हा वहिनींनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुमचा आवाज मी ऐकलाय," त्या म्हणाल्या. "ते घरी स्पीकर लावून बोलायचे कधीकधी. बसा."

शनिवारी ठरलेलं गाळाचं काम पंपदादाने शुक्रवारी का केलं, हे वहिनींनीच सांगितलं. शनिवारी मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. "तिला वचन दिलं होतं. कुणाला सुट्टी मागायची नको, म्हणून काम आदल्या दिवशीच उरकायला गेले. आता शेजारीपाजारी म्हणतात, मास्क घालायची अक्कल नव्हती का. पोरीच्या कानावर जातं ते."

"वहिनी, त्यांचं सामान काय काय आलं परत?"

"डबा, घड्याळ, बूट."

"फोन?"

"फोन नाही आला. मी विचारलंही नाही. कारखान्याचाच होता ना."

"सामान कुणी आणून दिलं?"

"भावजींनी. माझ्या बहिणीच्या नवऱ्याने. रोज संध्याकाळी येतात बिचारे. मुलांचा अभ्यास घेतात, पाणी भरून देतात. दोन घास खा म्हटलं तर खाली मान घालून खातात. माझ्यापेक्षा त्यांनीच जास्त मनाला लावून घेतलंय."

ताईने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला आणि ती उठली.

परतताना फाटकावरच्या रखवालदाराने तिला वही दाखवली. 'मयताचं सामान, साडूंच्या ताब्यात : डबा, घड्याळ, बूट, मोबाइल.' खाली तिरकी सही. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

हौदाजवळ पाइपांची चळत होती. ताई तिच्या आडोशाला उभी राहिली. हातातल्या फोनवर तीन वाजून वीस मिनिटांनी निळा ठिपका उमटला.

पंप एक. आवाज ठीक.

तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिच्या मानेवरची लव उभी राहिली. पंप तीन. पंप चार. जो चालत येत होता तो पंपदादाच्या चालीने येत होता; तेवढाच वेळ घेत होता, चौथ्यापाशी जास्त थांबत होता, कारण चौथा गळका होता आणि पंपदादा तिथे खाली वाकून बघायचा. क्षणभर तिला वाटलं की आता घसा खाकरल्याचा आवाज येईल.

पावलं जवळ आली. शिफ्टसाहेबांनी सातव्या चकतीला फोन टेकवला आणि ते झाकणाजवळ उकिडवे बसले.

"साहेब," ताई म्हणाली.

ते दचकले नाहीत. जणू वाटच पाहत होते.

"सकाळी 'एवढं गरम असतं आत?' विचारून तुम्ही फोन उघडलात तेव्हाच मला कळलं," ते म्हणाले. "तरी म्हटलं, बघू कसं ओळखलंत."

ताई शेजारच्या पाइपवर टेकली. 

"सेन्सर दहा दिवस चोवीस अंशांत होता. आधी वाटलं, मॅनेजरची केबिन. पण रखवालदाराच्या वहीप्रमाणे मधल्या रविवारी केबिन बंद होती, म्हणजे एसीही बंद होता, आणि आकडा तोच राहिला. पहाटेही तोच. म्हणजे दिवसरात्र एसी चालतो ती जागा, पॅनेल रूम. तिच्या किल्ल्या दोन, एक सेन्सरवाल्याकडे, एक तुमच्याकडे. सेन्सरवाला त्या मंगळवारी अकरा वाजता दुसऱ्या कारखान्यात होता. त्याची नोंद तिथली आहे, मी स्वतः त्याच्याशी बोलत होते. शुक्रवारीही तो इथे नव्हता. उरली तुमची किल्ली. आणि दादांचा फोन तुम्ही सही करून घेतलात, पण घरी दिला नाहीत."

शिफ्टसाहेबांनी मान हलवली.

"शनिवारी सकाळी परत लावणार होतो. शपथेवर सांगतो. मला माहीत होतं, शनिवारी तो उतरणार. शुक्रवारी दुपारी कागद तुटला म्हणून मी यंत्रावर अडकलो होतो. मला बोलवायला आले तेव्हा तो इथे, या फरशीवर..." त्यांनी हाताने जागा दाखवली. "सगळे त्याच्या छातीवर दाब देत होते. आणि मी काय केलं? पळत पॅनेल रूममध्ये गेलो. कपाटामागचा डबा काढला आणि आणून अडकवला. माझा माणूस मरत होता, ताई, आणि मी साखळीची गाठ मारत होतो."

ताईने फोनमधली फेऱ्यांची यादी उघडली.

"फेऱ्या का मारता?"

"तो गेल्यावर दोन दिवस यादीत त्याच्या नावापुढे लाल अक्षरं यायची. फेरी चुकली, फेरी चुकली. मला ती बघवेनात. तिसऱ्या दिवशी मीच उठलो. त्याचा फोन माझ्या खिशात होता. त्याची फेरी केली. त्या रात्री थोडी झोप लागली. मग सवयच लागली. इथे आलो की रोज ठरवतो, आज सांगून टाकायचं. नऊ-दहा मिनिटं बसतो, आणि उठून जातो."

"मॅनेजरने सांगितलं होतं हलवायला?"

"तो कशाला तोंडाने सांगतोय? म्हणाला, लाल दिसता कामा नये. कसं ते विचारायला मला लाज वाटली. मला वाटलं, हुशारी केली." त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हा घ्या. आता काय लिहाल?"

"जे झालं ते. पण लिहायच्या आधी एका घरी जायचंय. तुम्ही सांगायचं, मी नाही."

६

संध्याकाळी पाच वाजता दोघं वहिनींच्या दारात उभी राहिली. मुलं शेजारी खेळत होती. शिफ्टसाहेबांनी उभ्याउभ्याच सांगितलं, अडखळत, पण काही न लपवता. वहिनी ऐकताना गणवेश पिळत होत्या. सांगून झालं तरी पिळतच राहिल्या; पाणी कधीच संपलं होतं.

"चौदा दिवस माझ्या हातचं जेवलात," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "जा आता. आणि हे माझ्या बहिणीला तुमच्या तोंडून कळू दे. बाहेरून नको."

ते गेले. त्याच संध्याकाळी त्यांनी पोलिसांना लिहून दिलं. अहवालावरची सही थांबली, 'मृताची स्वतःची चूक' ही ओळ खोडली गेली, आणि पुढे सेन्सरवाल्याच्या साक्षीवरून मॅनेजरलाही 'मी तसं म्हणालोच नव्हतो' हे न्यायालयात सांगावं लागलं. तिथे ते चाललं नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी वहिनींनी गणवेश दोरीवर टाकले आणि ताईसमोर येऊन बसल्या.

"तुम्ही दीडशे किलोमीटरवरून आलात, आता निघायला हवं. पण एक सांगा. शेवटचं काय बोलले ते?"

ताईला वाटलं होतं की हौदाचं गूढ सुटलं की तिचंही ओझं उतरेल. उतरलं नव्हतं. चौकशीत तिने फोनवरचं बोलणं सांगितलं होतं. एक वाक्य सोडून.

"मी 'उतरा' म्हटल्यावर ते म्हणाले, 'ताई, जरा फोन चालू ठेवता का? एकटाच आहे इथे.' मी हो म्हटलं. तेवढ्यात दुसऱ्या कारखान्याचा अलार्म वाजला. किरकोळ होता, एका टाकीची पातळी. मी त्यांचा फोन ठेवून तो अलार्म बघितला." तिने ओढणी मुठीत घट्ट धरली. "चालू ठेवला असता तर पडल्याचा आवाज मला आला असता. कुणाला तरी तिकडे धाडता आलं असतं. मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. उद्या अहवालात लिहिणार आहे."

 बाहेर मुलांची भांडाभांडी चालली होती. कुणीतरी बाद झालं होतं आणि मान्य करत नव्हतं.

"त्यांना एकटं काम करायला भीती वाटायची," वहिनी म्हणाल्या. "मला कधी बोलले नाहीत. तुम्हाला बोलले."

मग त्या उठल्या. ताईला वाटलं, आता त्या दार दाखवतील. वहिनींनी आत जाऊन दिवा लावला आणि बाहेर हाक मारली, "ए, खेळ पुरे. आत या दोघं. बाबांच्या ऑफिसातल्या ताई आल्यात. बाबा कसं काम करायचे, ते सांगणार आहेत."